दलदलींतील घटपर्णी

ज्या भूमीवर पाय ठेवतांच तो घोट्यापर्यंत खालीं जातो, जेथें नांगर चालत नाहीं आणि धान्य रुजत नाहीं, तिला मनुष्य सहसा निरुपयोगी म्हणून सोडून देतो. कॅनडांत व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्वेकडील भागांत अशा दलदली विपुल आहेत. स्फॅग्नम नांवाचें शेवाळ तेथें थरावर थर साचत जातें, पाणी आंबट होतें, आणि झाडांना लागणारा नत्र त्यांत नांवापुरताच असतो. अशा दरिद्री जागीं एक फूल मोठ्या डौलानें उभें राहतें. त्याची हकीकत मनोरंजक तर आहेच. परंतु तिच्यांतील एका प्रकरणाला केवळ मनोरंजक म्हणून भागणार नाहीं.

शास्त्रांत या वनस्पतीचें नांव सारासेनिया पुर्पुरिया असें आहे. मराठींत तिला घटपर्णी म्हणावयास हरकत नाहीं. मात्र मेघालयांतील खासी टेकड्यांवर जी घटपर्णी वाढते ती निराळ्या कुळांतली. तिचे घट पानांच्या टोकांना लोंबतात व त्यांवर झांकण असतें. अमेरिकेंतील या घटपर्णीचें सबंध पानच घट झालेलें असतें. हे घट जमिनीलगत वर्तुळांत बसतात, त्यांचीं तोंडें आकाशाकडे उघडीं असतात, आणि त्यांत पावसाचें पाणी सांचतें. घटांचा रंग हिरवा, वर तांबड्या शिरांची जाळी. उन्हाळ्याच्या आरंभीं मधून एक उंच दांडा निघतो आणि त्यावर गडद तांबडें फूल मान खालीं घालून उमलतें. फुलाच्या आंत उलट्या छत्रीसारखा एक अवयव असतो; पाकळ्या गळून गेल्या तरी ती छत्री तशीच राहते. हिंवाळ्यांत सर्व दलदल बर्फाखालीं गडप होते. पण जमिनींतलें खोड जिवंत असतें व पुढील वर्षीं पुन्हां फुटतें.

युरोपला या वनस्पतीची ओळख मोठ्या विचित्र रीतीनें झाली. नामांकित वनस्पतिज्ञ क्लूसियस याच्या १६०१ सालच्या ग्रंथांत तिचें एक चित्र आहे. तें एका वाळलेल्या नमुन्यावरून काढलेलें होतें. हा नमुना लिस्बनहून पॅरिसच्या एका औषधविक्याकडे आणि तेथून क्लूसियसकडे आला. फूल नसल्यामुळें तिचें कूळ ओळखणें कठीण. म्हणून त्या विद्वानानें समुद्रकांठच्या एका भलत्याच झाडाच्या गोतांत तिला बसवून टाकलें. पुढें कित्येक वर्षें हें झाड चित्रांतच राहिलें. सतराव्या शतकांत धाकटा जॉन ट्रेडस्कंट हा व्हर्जिनियांत गेला, तेव्हां इंग्लंडांत तें प्रत्यक्ष आलें.

परंतु तिला जें नांव कायमचें मिळालें तें क्वेबेकच्या एका वैद्यामुळें. मिशेल साराझँ हा १६५९ सालीं फ्रान्समधील बर्गंडी प्रांतांत जन्मला आणि १६८५ सालीं नाविक दलाचा शस्त्रवैद्य म्हणून कॅनडांत आला. कांहीं वर्षांनीं तो स्वदेशीं परतला तो विश्रांतीकरितां नव्हे, तर रीतसर वैद्यकी शिकण्याकरितां. पदवी घेऊन १६९७ सालीं तो पुन्हां त्याच वसाहतींत हजर झाला. १७०० सालीं त्यानें मारी बार्बिये या जोगिणीच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया केली. भूल देण्याचें औषध अद्याप कोणाला ठाऊक नव्हतें, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. ती बाई त्यानंतर एकोणचाळीस वर्षें जगली! रोग्यांच्या धबडग्यांतून वेळ काढून हा गृहस्थ रानें तुडवी, झाडें गोळा करी आणि पॅरिसला तूर्नफॉर या आपल्या वनस्पतिज्ञ मित्राकडे गलबतांतून धाडी. त्या पेट्यांत ही घटपर्णी होती, आणि तूर्नफॉरनें कृतज्ञतेनें तिला साराझँचें नांव दिलें. लिनियसनें १७५३ सालीं तेंच नांव थोडें बदलून कायम केलें.

घटांत पाणी कशासाठीं, या प्रश्नावर मात्र विद्वानांची बरीच तारांबळ उडाली. लिनियसच्या मतें तान्हेल्या पांखरांसाठीं निसर्गानें ही पाणपोईच घातलेली आहे. मार्क केट्स्बी या इंग्रज निरीक्षकास वाटलें कीं, बेडकांच्या भयानें पळालेल्या किड्यांना हें आश्रयस्थान असावें. दोघेहि थोर, पण दोघांनींहि निसर्गाला फारच दयाळू मानलें. खरा प्रकार साउथ कॅरोलायनांतील डॉ. जेम्स मॅकब्राइड यानें १८१५ सालीं याच कुळांतील दुसऱ्या एका जातीवर निरीक्षण करून लंडनच्या लिनियन सोसायटीस कळविला. घटाच्या ओठावर गोड रस असतो, त्याच्या लोभानें माशी येते, तिचा पाय घसरतो आणि ती पुन्हां वर येत नाहीं. आतां ठाऊक आहे तें असें कीं, पुर्पुरियाच्या घटाच्या ओठाजवळ खालीं वळलेले केंस असतात; पाण्यांत बुडालेला किडा सूक्ष्म जंतु व अळ्या कुजवून विरघळवितात, आणि जमिनींत न मिळणारा नत्र झाडाला त्यांतून मिळतो. १८७४ सालीं बेलफास्ट येथें जोसेफ हूकर यानें अशा मांसाहारी वनस्पतींवर भाषण केलें आणि पुढच्याच वर्षीं डार्विनचा त्या विषयावरचा ग्रंथ निघाला. डार्विनचा विशेष लोभ दवबिंदूवर होता. त्याच गोतांतील दवबिंदू साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यांत दिसतो, आणि त्याच्या शेजारींच फुलणारी निळी ‘सीतेचीं आसवें’ हीहि किडे खाणारीच आहे. नांव ऐकून कोणाला खरें वाटणार नाहीं.

या घटाच्या पाण्यांत एका जातीच्या डांसाच्या अळ्या मात्र सुखानें वाढतात. हिंवाळ्यांत पाणी गोठतें, अळ्याहि त्याबरोबर गोठतात, आणि वसंतांत पुन्हां हालूं लागतात. उत्तरेकडील हा डांस कोणाला चावत नाहीं, ही त्याची सज्जनताच म्हणावयाची. हवामान उष्ण होत चालल्यामुळें दिवसाची लांबी ओळखण्याचा या डांसाचा उपजत स्वभाव अल्पकाळांतच बदलला, असें दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं २००१ सालीं दाखवून दिलें.

आतां तें दुसरें प्रकरण. युरोपियनांनीं अमेरिकेंत ज्या वस्तु नेल्या त्यांत देवीचा रोग सर्वांत घातक ठरला. तेथील मूळ रहिवाशांच्या शरीराला त्याची कधींच ओळख नव्हती. वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. नोव्हा स्कोशिया प्रांतांतील मिकमॅक लोकांनाहि हा मार वारंवार बसला. १८६१ सालीं हॅलिफॅक्स येथील तोफखान्याच्या पलटणींतील सहायक शस्त्रवैद्य हर्बर्ट चामर्स माइल्स यानें लंडनला एक आश्चर्यकारक वृत्त कळविलें. मिकमॅक लोकांत साथ आली असतां त्यांची एक वृद्ध वैदू स्त्री या घटपर्णीच्या मुळ्यांचा काढा देई. त्यानें रोगी बरे होत, इतकेंच नव्हे तर अंगावर वण देखील राहत नसत, असें त्यांचें म्हणणें होतें. हॅलिफॅक्सच्या दवाखान्याचे डॉक्टर फ्रेडरिक मॉरिस यांनींहि तिचा जोरानें पुरस्कार केला.

या बातमीचें महत्त्व समजण्यास एक गोष्ट ध्यानीं ठेवली पाहिजे. देवी काढण्याची युक्ति त्यापूर्वींच सर्वत्र गेली होती. मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम टोंचली गेली. परंतु टोंचणें हा रोग टाळण्याचा उपाय. ज्याच्या अंगांत रोग पुरता भिनून फोड उठले, त्याच्या उशाशीं बसून पाहत राहण्यापलीकडे कोणत्याहि डॉक्टरच्या हातीं कांहीं नव्हतें. अशा वेळीं कोणी औषध सांगितलें तर तें ऐकावयास घरोघरचे आईबाप उत्सुक असणारच. मुळ्या वाळवून गलबतांनीं इंग्लंडांत गेल्या आणि लंडनमध्यें रोग्यांवर प्रयोग झाले. गुण आला नाहीं. ज्यांनीं औषधाची तरफदारी केली त्यांचाच उपहास झाला आणि थोड्या वर्षांत हें नांव वैद्यकांतून पुसलें गेलें. त्या प्रयोगांत मुळी किती जुनी होती, काढा किती दाट होता, रोगाच्या कितव्या दिवशीं दिला, याचा एकसारखा नियम नव्हता. तेव्हां मिकमॅक लोकांचें म्हणणें खोटें ठरलें असें म्हणण्यापेक्षां तें नीट तपासलेंच गेलें नाहीं, असें म्हणणें न्यायाचें होईल.

फुलाचा मान मात्र वाढतच गेला. न्यूफाउंडलंडनें १९३८ पासून १९४७ पर्यंत आपल्या सेंटच्या नाण्यावर तें कोरलें, आणि कॅनडांत सामील झाल्यावर १९५४ सालीं त्याला प्रांताचें फूल ठरविलें. हौशी लोकांनीं बागेंत कृत्रिम दलदल करून तें लावलें. त्याला पावसाचें पाणी हवें, खत मुळींच नको. चांगली सकस माती घातली तर तें मरतें. आयर्लंडमधील दलदलींत १९०६ सालीं तें मुद्दाम नेऊन लावलें. तेथें तें इतकें फैलावलें कीं, आतां तेथल्या मूळच्या शेवाळाची काळजी करण्याची पाळी आली आहे.

२०१२ सालीं ॲरिझोनांतील संशोधकांनीं घटपर्णीचा अर्क प्रयोगशाळेंत पुन्हां तपासला. कांचेच्या भांड्यांत वाढविलेल्या पेशींमध्यें, देवीच्या कुळांतील विषाणूंची वाढ त्या अर्कानें अगदीं आरंभींच रोखलेली त्यांना आढळली. पेशींवर झालेलें काम मनुष्याच्या शरीरांत होईलच असें नाहीं, हें खरें. पण म्हाताऱ्या वैदूच्या काढ्यांत कांहींतरी होतें, एवढें तरी दिसून आलें. माइल्सनें तिचा उल्लेख आपल्या टोळीची वैदू एवढाच केला आहे. झाडाला नांव मिळालें साराझँचें. आणि अर्काची ही परीक्षा झाली तेव्हां तो देण्यासारखा रोगीच उरला नव्हता. देवीचा निसर्गतः झालेला शेवटचा रोगी १९७७ सालीं सोमालियांत आढळला होता, आणि १९८० सालीं तो रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें होतें.