चिमूरच्या स्त्रिया, सेवाग्रामचे उपोषण आणि आंतरराष्ट्रीय कायदा

१९४२ च्या आंदोलनाच्या इतिहासात वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर ही नावे जोडीनेच येतात. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, दोन्ही गावांत जमाव व पोलीस यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाला. चिमूरला सरकारी अधिकारी मारले गेल्यानंतर तेथे लष्कर आले, पुरुषांची धरपकड झाली आणि सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. नागपूरहून गेलेल्या महिला कार्यकर्त्यांनी व डॉ. बा. शि. मुंजे यांनी त्या ऐकून घेतल्या. प्रांतिक सरकारने मात्र चौकशी नाकारली.

गांधीजी त्या वेळी आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते. सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी प्रथम दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे गेले. अणे विदर्भातलेच, परंतु त्यांच्याकडे खाते होते परदेशस्थ भारतीयांचे! तेथे दाद लागली नाही. ११ नोव्हेंबर १९४२ पासून भन्साळींचे उपोषण सुरू झाले आणि ते ६३ दिवस चालले. सरकारने त्याच्या वार्ता छापण्यावर बंदी घातली. निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये देशभरातील वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढले नाहीत. १२ जानेवारीला डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली व वृत्तबंदी उठली. मूळ मागणी असलेली चौकशी मात्र झाली नाही. उपोषणाचे यश सांगताना हा फरक बहुधा निसटतो.

हा प्रश्न देशाबाहेर नेता आला असता काय? १९०७ च्या हेग नियमावलीतील ४६ व्या कलमाने कुटुंबाच्या अब्रूला संरक्षण दिले होते. पण ते युद्धात परक्या सैन्याने व्यापलेल्या प्रदेशापुरतेच. चिमूर कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश सरकारचा स्वतःचा मुलूख होता. वासाहतिक प्रजेतील स्त्रीला त्या कलमाचा काहीही उपयोग नव्हता. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २७ व्या कलमात बलात्काराचा स्पष्ट उल्लेख आला, तरी तोही ‘अब्रूवरील आघात’ म्हणूनच. भन्साळींच्या मागणीचीही भाषा स्त्रीच्या अब्रूचीच होती. सेवाग्राम आणि जिनिव्हा येथे एकच शब्द प्रमाण मानला गेला आणि स्त्रीच्या शरीरावरील हिंसा दोन्हीकडे प्रतिष्ठेच्या प्रश्नाआड राहिली, असे म्हणावे लागते.

१९९८ च्या रोम संविधीने व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग असलेल्या बलात्काराला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरविले. त्यासाठी युद्ध चालू असण्याची अट ठेवली नाही. राज्यसंस्थेने स्वतःच्याच प्रजेवर केलेला अत्याचारही त्या कक्षेत येऊ शकतो. परंतु ही संविधी २००२ मध्ये अमलात आली आणि त्यापूर्वीच्या घटनांना ती लागू होत नाही. शिवाय भारत तिचा पक्षकार नाही.