घाणेरी: बागेतून पळालेलं झुडूप

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर.

सुरुवात ट्रेकपासून करू. सह्याद्रीतल्या बहुतेक किल्ल्यांच्या पायथ्याशी वाटेच्या दोन्ही बाजूंना एक काटेरी झुडूप दिसतं. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं. पानाला हात लागला की उग्र वास येतो, म्हणून नाव घाणेरी. कुणी टणटणी म्हणतं. लहानपणी अनेकांनी या फुलातला मध चोखलेला असतो.

आता शहरातल्या एखाद्या नर्सरीत जा. तिथे हेच झुडूप कुंडीत ऐटीत बसलेलं असतं आणि त्याचं नाव असतं लँटाना. म्हणजे एकच कुळ, पण डोंगरावर तण आणि बाल्कनीत शोभा. हे कसं झालं, त्याचीच आजची गोष्ट.

मूळ गाव

घाणेरी आपल्याकडची नाही. तिचं घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच लोकांनी ब्राझीलकडून ती युरोपात नेली. १७५३ मध्ये लिनियसने तिला 'लँटाना कॅमारा' हे शास्त्रीय नाव दिलं. गंमत म्हणजे 'लँटाना' हे युरोपातल्या एका वेगळ्याच फळधारी झुडपाचं, व्हायबर्नमचं, जुनं नाव. फुलांचे गुच्छ सारखे दिसतात म्हणून ते हिला चिकटलं.

युरोपातले बागकाम करणारे तिच्या प्रेमातच पडले. फुलांचा बहर लांबलचक, पाणी कमी, रोग फारसा नाही. त्यांनी वेगवेगळ्या जातींचे संकर करून नवे नवे रंग काढले. आज जगभरात तिचे शेकडो प्रकार आहेत.

रंग बदलण्यामागेही कारण आहे. ब्राझीलमध्ये राहणारे निसर्गअभ्यासक फ्रिट्झ म्यूलर यांनी १८७७ मध्ये लिहून ठेवलं होतं की हे फूल पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी केशरी आणि तिसऱ्या दिवशी जांभळट होतं, आणि फुलपाखरं जास्त करून पिवळ्या फुलांवरच जातात. पिवळा रंग म्हणजे 'मध आहे, या' अशी पाटी. जुनी फुलं गळत नाहीत, त्यामुळे गुच्छ लांबून मोठा दिसतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. युरोपात कडाक्याचा हिवाळा असतो. थंडीत हे झुडूप काचघरात न्यावं लागतं, नाहीतर मरतं. म्हणजे तिथे तिला आवर घालायचं काम हिवाळाच करायचा.

कलकत्त्याची बाग

१७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने कलकत्त्याजवळ शिबपूरला वनस्पती उद्यान उभं केलं. पुढे विल्यम रॉक्सबर्ग तिथले प्रमुख झाले. जगभरातून झाडं आणायची, इथे रुजतात का पाहायचं, मग पुढे वाटायची, असं ते काम. याच बागेत १८०७ ते १८०९ च्या सुमारास लँटाना आली. शोभेचं झाड म्हणून आणि कुंपणासाठी.

कुंपणासाठी तर ती पहिल्या नंबरची होती. काटे आहेत, गुरं तोंड लावत नाहीत, छाटली तर आणखी दाट फुटते, उन्हाळ्यात पाणी घालावं लागत नाही. छावण्या, बंगले, चहा-कॉफीचे मळे, सगळीकडे तिची कुंपणं झाली.

पण एक गोष्ट राहूनच गेली. फळं.

फुलं संपली की गुच्छावर हिरवे मणी धरतात आणि पिकले की काळे-जांभळे होतात. बुलबुलासारखे पक्षी ते आवडीने खातात. गर पचतो, बी तशीच बाहेर पडते, आणि तेव्हा पक्षी कुंपणापासून लांब कुठेतरी फांदीवर बसलेला असतो. माळ्याला फांद्या छाटता येतात, पण बुलबुलाला अडवता येत नाही. आणि थंडीने सगळं मारून टाकायला हा काही युरोप नव्हता. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅकची सोय न ठेवताच रिलीज झाली.

किती पसरली?

भारतीय वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये अंदाज मांडला. देशातल्या वाघांच्या पट्ट्यातल्या जंगलांपैकी सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जागेवर घाणेरीचा शिरकाव झालाय. म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या महाराष्ट्राएवढी जागा!

यात तोटा कुणाचा? तिच्या दाट जाळीखाली गवत आणि देशी झाडांची रोपं नीट वाढत नाहीत, त्यामुळे हरणं, गवे, हत्ती यांचा चारा कमी होतो. गुराख्यांच्या चराऊ जागा जातात. दुष्काळात दुसरं काहीच मिळालं नाही आणि गुरांनी पाला खाल्ला, तर त्यातल्या लँटाडीन नावाच्या विषाने यकृत बिघडतं, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. गुरं तिला तोंड लावत नाहीत हा जो गुण म्हणून सांगितला गेला, त्याच्यामागे हे विष आहे.

लढाई

माणसाने मग तिच्यावर किडे सोडले. हवाई बेटांवर १९०२ मध्ये मेक्सिकोहून लँटाना खाणारे कीटक आणले गेले. तणावर कीटक सोडण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. भारतात वाय. रामचंद्र राव यांनी लँटानावरच्या कीटकांचा अभ्यास करून १९२० मध्ये तो प्रसिद्ध केला. १९२१ मध्ये तिच्या फळांत वाढणारी एक बारीक माशी हवाईहून इथे आणली गेली.

१९४१ ची गोष्ट तर अफलातून आहे. ऑस्ट्रेलियातून पानांचा रस शोषणारा एक ढेकूण डेहराडूनला आणला. चाचणीत दिसलं की तो सागवानाच्या फुलोऱ्यावरही जातोय. घाबरून सगळे किडे मारून टाकले. पण काही वर्षांनी तोच ढेकूण बाहेर मोकळा फिरताना सापडला! घाणेरी मात्र या सगळ्यांना पुरून उरली.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा लोक वेगळं कारण सांगतात. ते पूर्वी वर्षाच्या सुरुवातीला जंगलातला पाचोळा हलक्या आगीने जाळायचे. अभयारण्य झाल्यावर त्यावर बंदी आली, आणि त्यानंतर घाणेरी माजली असं त्यांचं म्हणणं. सगळे तज्ज्ञ याला दुजोरा देत नाहीत, पण आता अभ्यासक हे गांभीर्याने ऐकतात.

जवळच्या माले महादेश्वर डोंगरात घाणेरीच्या काड्यांपासून खुर्च्या आणि टोपल्या बनवतात. नीलगिरीत गुडलूरजवळ आदिवासी कारागिरांनी याच काड्यांचे खऱ्या मापाचे हत्ती केले आणि २०२१ मध्ये ते लंडनच्या बागांमध्ये उभे राहिले. युरोपच्या बागांनी जगभर फिरवलेलं झुडूप हत्ती होऊन युरोपच्या बागेत परत गेलं!

काढायची पद्धत सापडलीय, दिल्लीच्या सी. आर. बाबू यांनी सुचवलेली. नुसतं छाटलं की ती दुप्पट फुटते. त्याऐवजी जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. मग पुढची काही वर्षं उगवणारी रोपं उपटत राहायची आणि तिथे देशी गवत लावायचं. काम मेहनतीचं आहे.

मग कुंडीतलीचं काय?

तुमच्याकडे लँटाना असेल तर घाबरून फेकून देऊ नका. उलट, बाहेर फेकलेली फांदीही ओल मिळाली की रुजू शकते. तिला भरपूर ऊन द्या, कुंडीतली माती सुकली की मगच पाणी. आणि मुख्य काम: गुच्छ कोमेजला की हिरवे मणी धरायच्या आत तो कापा. याने फुलंही जास्त येतात. छाटलेलं कचऱ्याच्या बंद पिशवीत टाका, गाई-शेळ्यांपुढे टाकू नका. कच्ची फळं विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर जपा. नवीन घ्यायची असेल तर फळ न धरणारी जात मागा, पण तिचेही पराग रानातल्या घाणेरीपर्यंत जाऊ शकतात. त्यामुळे घर जंगलाला लागून असेल तर न लावलेलीच बरी.

आणि गावाकडे कुंपण करायचं असेल तर करवंद आहेच की! काटे भक्कम, पाणी कमी, पांढरी सुवासिक फुलं, आणि उन्हाळ्यात डोंगरची काळी मैना. त्याच्याही बिया पक्षी नेतात, पण ते झुडूप इथलंच आहे, त्याला आवरणारे, खाणारे, वाटून घेणारे सगळे इथे आधीपासून आहेत.

दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात ज्याने हे रोप लावलं त्याने त्याची काळजीच घेतली असणार. पाणी घातलं असेल, छाटलं असेल. फक्त फळं कुठे जातील हे त्याने विचारलं नाही. पुढच्या वेळी नर्सरीत एखादं मणी धरणारं झुडूप आवडलं तर पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारा: हे खातं कोण, आणि बी टाकतं कुठे?

तुमच्या भागात घाणेरीला काय म्हणतात ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!