संगीत व नाट्यशिक्षण, माध्यमिक शाळेतील

इयत्ता आठवी ते दहावीच्या, म्हणजे साधारण तेरा ते सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांना गायन, वादन, नृत्य व नाट्य या कला शिकवण्याची पद्धती व व्यवस्था. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील परंपरेचा, आणि त्यातही गायन व नाट्य यांचा विचार केला आहे. संगीताचे संस्थात्मक शिक्षण ज्यांनी देशभर उभे केले, ते दोन्ही विष्णू, पलुसकर आणि भातखंडे, मराठी होते. तरीही मराठी माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात संगीताला पक्की जागा मिळाली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गाणे गुरूच्या घरी राहून शिकले जाई. वर्गात बसून गाणे शिकवण्याचे प्रयत्न पुण्यात १८७४ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाजाने आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी केले. मौलाबक्षांची बडोद्यातील गायनशाळा १८८६ ची. त्याच काळात शाळकरी वयाच्या मुलांना कसून तयार करणारी आणखी एक व्यवस्था महाराष्ट्रात होती, ती म्हणजे संगीत नाटक मंडळी. कंपनीत दाखल झालेला मुलगा तालमीत गाणे, गद्य, चालणे-बोलणे आणि प्रेक्षकांपुढे उभे राहणे एकाच वेळी शिकत असे. केशवराव भोसले (१८९०–१९२१) लहान वयातच ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने नावारूपाला आले. या तालमीचा दर्जा फार वरचा होता. पण तिच्यापायी मुलाची शाळा बहुधा सुटत असे, ही किंमतही विसरता कामा नये.

विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांचा जन्म कुरुंदवाडचा आणि शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झाले. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईत शाखा सुरू केली. ठरलेला अभ्यासक्रम, इयत्तेप्रमाणे पुस्तके, स्वतःची स्वरलिपी आणि शिक्षक घडवण्याचा स्वतंत्र वर्ग या गोष्टींमुळे सामान्य घरातल्या मुलामुलींना गाणे शिकण्याची वाट मोकळी झाली. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात गेले आणि तिथल्या प्रार्थनेला त्यांनी सुरांची शिस्त लावली. दुसरे विष्णू म्हणजे विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). व्यवसायाने वकील असलेल्या भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि घराण्यांतून गोळा केलेल्या बंदिशी स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय (१९१८) आणि लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) ही त्यांच्या प्रयत्नांची फळे.

पलुसकरांच्या निधनानंतर १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढच्याच वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही असंख्य मुले देतात, आणि शाळेत शिकणारा मुलगा गाणे ‘शिकतो’ तो बहुधा या परीक्षांच्या वाटेने, संध्याकाळच्या खाजगी क्लासात. या व्यवस्थेने गावोगावी जाणते श्रोते आणि सक्षम शिक्षक निर्माण केले, हे तिचे मोठे ऋण आहे. मात्र क्लासची फी आणि घरची पेटी ज्याला परवडते त्याच्यापुरतीच ती पोचते. उरलेल्या मुलांसाठी एकच जागा आहे, शाळा; आणि तिथे संगीत म्हणजे प्रार्थना, स्वागतगीत आणि स्नेहसंमेलन.

या वयात गाणे शिकवण्यातली खरी अडचण शरीराची आहे. साधारण बारा ते पंधराव्या वर्षांत मुलांच्या स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. त्यालाच आवाज फुटणे म्हणतात. हा बदल एका दिवसात होत नाही. काही महिने, कधी वर्षभराहूनही अधिक काळ आवाज मध्येच चिरकतो, मध्येच घोगरा होतो. सातवीत प्रार्थनेला पुढे उभा राहणारा मुलगा नववीत मागच्या रांगेत जाऊन नुसते ओठ हलवू लागतो, तो यामुळे. त्याला कोणी सांगितलेले नसते की हे तात्पुरते आहे. मुलींचा आवाजही याच काळात थोडा खाली येतो आणि काही दिवस त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते, पण तिकडे सहसा लक्षच जात नाही. अनुभवी शिक्षक अशा मुलाचे गाणे बंद करत नाहीत. तार सप्तक टाळून, हलक्या आवाजात, पाच-सहा स्वरांच्या आवाक्यात त्याला गात ठेवतात. काही जण त्याला या काळात तबल्यावर किंवा पेटीवर बसवतात. जोर लावून वरचा षड्ज काढायला लावणे हा मात्र सरळ अपराध मानावा.

मुलामुलींच्या एकत्र वर्गात पट्टीचा प्रश्न येतो. बायकांची पट्टी सहसा पेटीवरची काळी चार-पाच, पुरुषांची काळी एक-दोन. समूहगीताची चाल मध्य सप्तकातच फिरणारी असेल तर काळी एक किंवा काळी दोनमध्ये मुली आणि आवाज फुटलेले मुलगे एका सप्तकाच्या अंतराने आरामात गाऊ शकतात. चाल मंद्रात उतरली की मुलींचे स्वर ऐकू येईनासे होतात; तार गंधाराकडे गेली की मुलग्यांच्या मानेच्या शिरा ताणतात. म्हणून शाळेसाठी गीत निवडताना शब्दांइतकाच चालीचा आवाका तपासावा लागतो. संगीतकार वसंत देसाई (१९१२–७५) यांना ही जाण होती. शालेय समूहगायनासाठी त्यांनी आस्थेने काम केले, आणि ‘गुड्डी’ (१९७१) चित्रपटासाठी केदार रागाच्या आधारे बांधलेली त्यांची प्रार्थना देशभरातल्या शाळांनी आपली मानली.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या गळ्यावर काम करणे शक्य नसते. तिथे तालापासून सुरुवात करणे हाच उत्तम मार्ग, कारण हाताने ताल धरायला साहित्य लागत नाही आणि आवाजाची लाज आड येत नाही. दादऱ्याच्या सहा आणि केरव्याच्या आठ मात्रा आठवड्याभरात अंगवळणी पडतात. मग सोळा मात्रांचा त्रिताल घ्यावा: पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. अर्ध्या वर्गाने ठेका बोलायचा आणि उरलेल्यांनी दुपटीत स्वर म्हणायचे, एवढ्यानेच समेवर एकत्र येण्याचा आनंद मुलांना कळतो. रागांत पहिला भूप; मध्यम व निषाद नसल्याने त्यातले पलटे चुकण्याची भीती कमी. नंतर दुर्गा, काफी आणि तीव्र मध्यमाची ओळख करून देणारा यमन. व्याख्या वहीत उतरवून घेण्याआधी राग कानावर पडला पाहिजे, हा क्रम उलटला की विषय मरतो. लेझीम शाळांत पूर्वापार आहे, पण ती शारीरिक शिक्षणात मोडते. हलगीच्या ठेक्यावर बदलणारी पावले हे लयीचे पक्के शिक्षण आहे, आणि संगीत शिक्षकाने त्याचा आधार घ्यायला हवा.

नाट्याचे चित्र वेगळे आहे. मराठी बालरंगभूमी समृद्ध आहे. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. मतकरींनी पुढे स्वतःची बालनाट्य संस्था चालवली. विजय तेंडुलकर, पु. ल. देशपांडे, सई परांजपे यांनी मुलांसाठी नाटके लिहिली. दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका असलेल्या सुलभा देशपांडे यांनी ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या ‘चंद्रशाला’ या बालविभागात मुलांबरोबर सातत्याने काम केले, आणि त्यातून आलेले ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य पिढ्यांच्या स्मरणात आहे. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने बर्लिनच्या ग्रिप्स नाट्यपरंपरेतील नाटके मराठीत आणून मुलांचे खरे प्रश्न मंचावर मांडले. यातले बरेच लेखन मात्र दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शोभणारे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना ना पऱ्या-राक्षस आवडतात, ना मोठ्यांच्या एकांकिका पेलतात. त्यांच्यासाठी संहिता थोड्या आहेत, ही उणीव लेखकांनी भरून काढायला हवी.

शाळेत नाटक येते ते स्नेहसंमेलनाच्या किंवा स्पर्धेच्या निमित्ताने. महिनाभर तालीम होते, स्पष्ट बोलणाऱ्या आठ-दहा मुलांची निवड होते, शिक्षक प्रत्येक हालचाल दाखवतात आणि मुले ती गिरवतात. बक्षीसही मिळते. पण नाट्यशिक्षण याहून वेगळे. त्यात वर्गातले प्रत्येक मूल भाग घेते: धड्यातला प्रसंग स्वतःच्या शब्दांत उभा करते, एकच वाक्य चार हेतूंनी बोलून पाहते, दुसऱ्याचे बोलणे ऐकून त्यावर प्रतिसाद देते, पात्राला काय हवे आहे याचा शोध घेते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये शिक्षणातील नाट्यासाठी ‘संस्कार रंग टोळी’ हा स्वतंत्र विभाग काढला तो याच विचाराने. वर्गात न बोलणारे मूल अशा तासाला बोलू लागते, हे अनेक शिक्षकांनी पाहिले आहे. त्यासाठी पडदा, रंगभूषा, भाड्याचे कपडे यांतले काहीच लागत नाही. बाक बाजूला सरकवता येतील अशी खोली पुरते.

धोरणात्मक पाठबळ कागदावर पुरेसे आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंत नाकारली. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारचा ‘कला उत्सव’ २०१५ पासून होतो. महाराष्ट्रात नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हा श्रेणी विषय आहे आणि शास्त्रीय कलांत प्रावीण्य मिळवणाऱ्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. या गुणांमुळे परीक्षार्थी वाढले. पण ते क्लासला जाणाऱ्या मुलाच्याच पदरात पडतात. ज्याने कधी तानपुरा ऐकला नाही त्याच्या वाट्याला त्यातून काही येत नाही.

बहुतेक माध्यमिक शाळांत चित्रकलेचा शिक्षक असतो. संगीताचा मोजक्याच शाळांत. गांधर्वच्या परीक्षा उत्तीर्ण झालेले आणि नाट्यशास्त्राची पदवी घेतलेले तरुण महाराष्ट्रात भरपूर आहेत, तेव्हा माणसे मिळत नाहीत ही सबब टिकणारी नाही. शाळा समित्यांनी आणि पालकांनी स्नेहसंमेलनाच्या खर्चातला काही भाग वर्षभर येणाऱ्या अशा एका शिक्षकाच्या मानधनासाठी राखून ठेवावा आणि आठवड्याच्या वेळापत्रकात त्याला तासिका द्यावी.