जैसलमेर : विस्तीर्ण भूमी, विरळ वस्ती
राजस्थानच्या पश्चिम टोकाला, पाकिस्तानच्या सीमेला लागून असलेला जैसलमेर हा क्षेत्रफळाने त्या राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्याचा विस्तार ३८,४०१ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक-अष्टमांश आणि गोव्याच्या दहापट आहे. २०११ च्या जनगणनेत तेथे ६,६९,९१९ लोकांची नोंद झाली. दर चौरस किलोमीटरला अवघी १७ माणसे. त्या वेळी महाराष्ट्रात हेच प्रमाण ३६५ होते. ही सरासरी मात्र फसवी आहे. वस्ती सर्वत्र सारखी विरळ नसून पाणी जेथे टिकते तेथे ती एकवटलेली असते.

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्याच डोळ्यांसमोर येतात. तशा टेकड्या सम परिसरात व पश्चिमेकडे आहेतच. पण जैसलमेर शहराभोवती खडकाळ पठार आहे. तेथील पिवळसर चुनखडकात सागरी जीवांचे अवशेष सापडतात, तर आकल येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे जीवाश्म जतन केले आहेत. आजच्या जिल्ह्यात बारमाही नदी एकही नाही. काकनीसारखे ओढे पाऊस झाला तरच वाहतात. सेवण गवत, शमी व केर ही येथील मुख्य वनस्पती. त्यामुळे गाई, शेळ्या, मेंढ्या आणि उंट हाच ग्रामीण जीवनाचा परंपरागत आधार राहिला.

येथील माणसाने पाऊस साठविण्याची विद्या मात्र विलक्षण जोपासली. खडकाळ उतारावरून येणारे पाणी सखल शेताच्या टोकाला मातीचा बांध घालून अडवायचे आणि ते मुरल्यावर त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, या पद्धतीला ‘खडीन’ म्हणतात. तिचे श्रेय पालीवाल ब्राह्मणांना दिले जाते. त्यांचे कुलधरा गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. दंतकथा त्याचा दोष दिवाणाच्या जुलमाला देते. अभ्यासक आटलेल्या पाण्याकडेही लक्ष वेधतात. काही भागांत वाळूखाली जिप्समचा घट्ट थर असतो. त्यावर अडलेली ओल ‘बेरी’ या अरुंद विहिरीत झिरपते आणि पिण्यास गोडे पाणी मिळते.

इंदिरा गांधी कालव्याने हे चित्र पालटले. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या या कालव्याचे, हरिके येथून निघणारे पाणी १९८७ मध्ये मोहनगढजवळच्या टोकापर्यंत पोहोचले. कालव्याच्या पट्ट्यात शेती आणि नव्या वसाहती उभ्या राहिल्या. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ ३२ टक्क्यांनी वाढली. परंतु बेरीला पाणी देणारा तोच कठीण थर कालव्याच्या पाण्याला खाली मुरू देत नाही. परिणामी लाभक्षेत्रात काही ठिकाणी जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. शिवाय पूर्वीची कुरणे नांगराखाली गेली, हा पशुपालकांचा तोटा निराळाच.

लोकसंख्येत दर हजार पुरुषांमागे ८५२ स्त्रिया, हा २०११ चा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. २००१ च्या ८२१ पेक्षा तो बरा, इतकेच. शहरे नावाला दोनच, जैसलमेर आणि पोखरण. पैकी दुसरे १९७४ व १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे जगाला ठाऊक झाले.

रिकाम्या दिसणाऱ्या या भूमीवर आता पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आले आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या माळढोक पक्ष्याचा देशातील प्रमुख आश्रय हाच जिल्हा आहे. उच्चदाब वाहिन्यांच्या तारांवर आदळून ते मृत्युमुखी पडत असल्याने हा वाद २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्यात बदल केला.