चाळ, सोसायटी आणि टॉवर : लोहमार्गाकाठच्या आपल्या घरांचा इतिहास

ज्ञातीचा इतिहास म्हटला की मूळ गावे, कुलदैवते, गोत्रे आणि आडनावे यांचीच चर्चा आपल्या स्मरणिकेतून बहुधा होत आली आहे. ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपली बहुसंख्य कुटुंबे मुंबईत व तिच्या उपनगरांत स्थायिक झाली. या काळात आपल्या संसाराला जितके वळण कुलदैवताच्या गावाने लावले तितकेच आगगाडीच्या स्थानकानेही लावले, ही गोष्ट मात्र कोणी फारशी लिहून ठेवलेली नाही. ती लिहिण्यास यंदा निमित्त घडले आहे. गोरेगाव स्थानकापासून सात-आठ मिनिटांच्या वाटेवर असलेल्या आपल्या ज्ञातीच्या गृहसंस्थेच्या जुन्या इमारती पाडून तेथे उत्तुंग टॉवर उभारण्याचा प्रस्ताव सभासदांपुढे आला आहे. प्रस्तुत लेखकाचे बालपण त्याच इमारतींत गेले. तेव्हा आपण अगदी तटस्थ आहोत असा आव तो आणणार नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी आपण येथवर कसे आलो हे सर्वांनी एकदा नीट पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लोहमार्ग आणि साष्टी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यामानाने पश्चिमेकडील मार्गाची कथा कमी परिचित आहे. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ साली झाला आणि माहीमहून वांद्र्यास पायी वा गाडीने जाणे शक्य झाले. पुढे एप्रिल १८६७ मध्ये विरार व बॅकबे यांच्या दरम्यान पहिली उपनगरी गाडी धावली. म्हणजे लोहमार्ग आला तो आपल्या पूर्वजांनी उपनगरात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी.

त्या काळची साष्टी ओसाड होती, अशी समजूत आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून नकळत तयार होते. ती खरी नाही. तेथे भाताची खाचरे होती, खाजणे व मिठागरे होती, ताडामाडांच्या बागा होत्या. कोळी, आगरी, भंडारी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची जुनी गावठाणे होती आणि डोंगराच्या अंगाला वारल्यांचे पाडे होते. ज्या जमिनीवर आपली घरे उभी राहिली ती कोणाची तरी शेते होती, याचे स्मरण ठेवणे हा इतिहासलेखनातील साधा प्रामाणिकपणा होय.

शहरातून बाहेर पडण्याची निकड निर्माण झाली ती प्लेगने. १८९६ च्या साथीने गिरगाव, मांडवी, कामाठीपुरा येथील दाटीचे भयानक परिणाम उघड केले. १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याच्या योजनांतून दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा भाग आखीव रस्त्यांचा झाला आणि हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांसारख्या वसाहती उदयास आल्या.

तरीही माहीमच्या पलीकडे नोकरदार मनुष्य सहजासहजी जाईना. त्याला साडेदहाला कचेरीत हजर व्हावे लागे आणि वाफेच्या गाडीला प्रत्येक स्थानकावर थांबून पुन्हा वेग घेण्यास वेळ लागे. ही अडचण विजेने दूर केली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हा हार्बर मार्ग विजेवर सुरू झाला. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली. विजेची गाडी चटकन वेग घेते व चटकन थांबते. त्यामुळे त्याच रुळांवरून अधिक गाड्या सोडता येऊ लागल्या. उपनगरातील घर कारकुनाच्या आवाक्यात आले ते जमीन स्वस्त होती म्हणून खरेच. परंतु त्याहून अधिक, गाडी वेळेवर मिळू लागली म्हणून.

चाळीतून सोसायटीकडे

गिरगावच्या चाळीत दहा-बारा हातांची खोली, समोर सामाईक गॅलरी आणि मजल्याच्या टोकाला नळ व शौचकूप, असा आपल्या आजोबांच्या पिढीचा संसार होता. या चाळीतूनच सहकारी गृहसंस्थेची कल्पना पुढे आली. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने अन्य कार्यांसाठीही संस्था काढण्यास वाट मोकळी करून दिली. त्याचा लाभ घेऊन १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. या चळवळीचे अध्वर्यू रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे होत. त्यांच्या उदाहरणाने अनेक ज्ञातींना धीर आला आणि आपल्या मंडळातील धुरीणही त्या मार्गाचा विचार करू लागले.

गृहसंस्था ज्ञातीच्या पायावर का उभ्या राहिल्या, याचे उत्तर अभिमानाने देण्यापूर्वी थोडे विचारपूर्वक द्यावयास हवे. कर्ज घ्यावयाचे तर परस्परांवर विश्वास हवा. कोणाचा पगार किती, कोणाच्या घरी आजारपण, कोण हप्ता चुकवणार नाही, हे ज्ञातीत सर्वांना ठाऊक असे. हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, ज्या कुंपणाने आपल्याला आधार दिला त्याच कुंपणाबाहेर इतर अनेकांना, विशेषतः दलित कुटुंबांना, उभे राहावे लागले. आपल्या संस्थेच्या पहिल्या नियमावलीतही सभासदत्व ज्ञातीपुरते मर्यादित होते. अशा मर्यादेचा प्रश्न पुढे एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि २००५ साली न्यायालयाने ती उपविधीत ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. परंतु कायद्याला एखादी गोष्ट चालते म्हणून ती आपल्याला शोभतेच, असे नाही. आपल्या संस्थेत कालांतराने घरे विकली गेली, अन्य समाजांची कुटुंबे आली, आणि आज गणपतीच्या वर्गणीची वही त्यांच्यापैकीच एक गृहस्थ सांभाळतात. यात आपले काही उणे झाले असे लेखकाला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर रोखली गेली. भाडेकरूला त्यामुळे संरक्षण मिळाले, परंतु भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्याचे मालकांना कारण उरले नाही. त्याच सुमारास फाळणीने निर्वासित झालेली सहस्रावधी कुटुंबे मुंबईत आली. जागेची टंचाई दारुण झाली. महानगरपालिकेची हद्द १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली वाढली आणि दहिसर व मुलुंडपर्यंतचा मुलूख मुंबईत समाविष्ट झाला. गोरेगावी जमीन घेण्याचा आपल्या संस्थेचा निर्णय याच काळातला.

लेखकाच्या आजोबांनी सांगितलेली हकीकत येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. जमीन पाहावयास मंडळी गेली तेव्हा पावसाळा होता. स्थानकाबाहेर चिखल, पुढे खाचरे आणि दूरवर आरेच्या टेकड्या. बरोबरच्या एका वृद्ध सभासदाने विचारले की, येथे राहावयाचे आहे की वनवासाला यावयाचे आहे? तेव्हा आजोबांनी खिशातून घड्याळ काढले आणि स्थानकाच्या फलाटापासून जमिनीच्या कोपऱ्यापर्यंत ते मिनिटे मोजत चालले. आठ मिनिटे भरली. तेवढ्या बळावर सभेत ठराव झाला. कित्येक घरांतून पहिल्या हप्त्यासाठी बांगड्या व पाटल्या सोनाराकडे गेल्या. तळमजला व वर तीन मजले अशा इमारती झाल्या. त्यांना उद्वाहन नव्हते, कारण त्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता.

आणखी एक ठराव त्या पहिल्या इतिवृत्तात आहे. तळमजल्यावरची एक खोली कोणालाही न विकता गावाहून शिक्षणासाठी येणाऱ्या ज्ञातीच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवावी, असा तो ठराव होय. त्या खोलीत चटईवर झोपून, पहाटेची गाडी पकडून शिकलेले विद्यार्थी आज आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेले दिसतात.

चटईक्षेत्राचे गणित

साठ वर्षांत त्या चिखलाचे सोने कसे झाले, हे समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर मुंबईत चटईक्षेत्र निर्देशांकाची कल्पना आली. उपनगरात तो निर्देशांक १ असा ठेवला गेला. म्हणजे एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून एक हजार चौरस मीटर बांधकाम. १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची सोय केली, आणि एका ठिकाणचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या ठिकाणी, विशेषतः उपनगरात, वापरता येऊ लागला. २०१२ साली अधिमूल्य भरून ३५ टक्क्यांपर्यंत वाढीव क्षेत्र मिळण्याची तरतूद झाली. २०१८ पासून अमलात आलेल्या नियमावलीत तर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे बांधकामाची मर्यादा वाढते. जुन्या इमारतीखाली जो बांधकामाचा न वापरलेला हक्क पडून होता, त्याला अशा रीतीने किंमत आली. विकासक आपल्याला नवे घर फुकट देतो असे म्हणतात, ते बरोबर नाही. आपल्याच जमिनीवरील वाढीव हक्काची घरे विकून तो आपल्या घराचा खर्च काढतो.

स्थानकाजवळ उंच इमारती व्हाव्यात, हे सरकारी धोरणही आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणाने स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या परिघात दाट वस्तीचा पुरस्कार केला. गोरेगावच्या एका बाजूने मेट्रोचा २-अ आणि दुसऱ्या बाजूने ७ हा मार्ग जातो. ते २०२२ व २०२३ या वर्षांत दोन टप्प्यांत सुरू झाले. या धोरणामागील तर्क योग्य आहे. आठ मिनिटे चालून गाडी पकडणाऱ्या कुटुंबाला मोटारीची गरज नसते. जेथे गाडी आहे तेथे अधिक माणसे राहावीत, हे आजोबांच्या घड्याळाचेच गणित आहे.

परंतु प्रत्यक्षात काय दिसते? स्थानकाशेजारच्या कित्येक टॉवरांत पहिले चार-पाच मजले मोटारी ठेवण्यासाठीच असतात. आणि त्या टॉवरांत धुणीभांडी करणाऱ्या भगिनी मात्र नालासोपारा-विरारहून गर्दीत लोंबकळत येतात. ज्याला गाडीची खरी गरज तो स्थानकापासून दूर फेकला जातो, आणि ज्याला ती फारशी नाही तो स्थानकाच्या दाराशी येऊन राहतो. आपल्या प्रस्तावाचा विचार करताना हा विरोधाभास दृष्टीआड करू नये.

आपल्यापुढील प्रश्न

इमारती जीर्ण झाल्या आहेत, गच्ची गळते, आणि सत्तरी ओलांडलेल्या सभासदांना तीन मजले चढवत नाहीत. म्हणून पुनर्विकासास लेखकाचा विरोध नाही. आजोबांनी चाळ सोडली तेव्हाही तिच्यासाठी हळहळणारे होतेच. प्रश्न टॉवर व्हावा की न व्हावा हा नसून तो कोणत्या रीतीने व्हावा, हा आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यान्वये बांधणाऱ्याने जमीन संस्थेच्या नावे करून देणे बंधनकारक आहे. तरी शेकडो संस्थांच्या बाबतीत ते झालेले नाही, आणि त्यांच्यासाठी २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. आपल्या पूर्वजांनी जमीन संस्थेच्याच नावे घेतली. हे त्यांचे दूरदर्शित्व आपण एका सहीत गमावू नये. दुसरी गोष्ट निर्णयपद्धतीची. ३ जानेवारी २००९ व ४ जुलै २०१९ च्या शासकीय निर्देशांनी निविदा, वास्तुशास्त्रज्ञाचा अहवाल व सर्वसाधारण सभेची संमती यांची रीत घालून दिली आहे. ती सोयीसाठी डावलू नये. तिसरी गोष्ट मासिक खर्चाची. उद्वाहने, पंप, अग्निशमनाची यंत्रणा व पहारेकरी यांचा खर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवा भगिनीला झेपला नाही, तर नवे घर तिला विकावे लागेल. त्यासाठी कायम निधी किती हवा, याचा हिशेब करारापूर्वी झाला पाहिजे.

चौथी गोष्ट लेखकाला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रस्तावाबरोबर आलेल्या नकाशात व्यायामशाळा आहे, तरणतलाव आहे, वाढदिवस साजरे करण्यासाठी दालन आहे. विद्यार्थ्यांची खोली नाही. कोणी ती जाणूनबुजून वगळली असेल असे वाटत नाही. नकाशा काढणाऱ्याला ती खोली ठाऊकच नव्हती, आणि आपल्यापैकी कोणी त्याला सांगितले नाही. मजले किती चढवावेत हे नियमावली ठरवील. आपण ज्या शिडीने वर आलो ती मागून येणाऱ्यांसाठी ठेवावयाची की नाही, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल. आणि आता ती खोली केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरती न राहता, मुंबईत निवारा नसलेल्या कोणाही होतकरू विद्यार्थ्याला खुली व्हावी, अशी लेखकाची नम्र सूचना आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत कराराचा मसुदा वाचला जाईल. सभासदांनी चौरस फुटांचे आकडे जरूर पाहावेत; परंतु पहिल्या इतिवृत्ताची वहीही त्या दिवशी टेबलावर असावी. कार्यकारी मंडळाच्या कपाटात ती अजून सुरक्षित आहे. जुन्या ठरावातील त्या खोलीचे कलम नव्या करारात शब्दशः उतरवून घ्यावे, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींना विनंती करून हा लेख पुरा करतो.