जागतिक सीओपीडी दिन

फुप्फुसांतील श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या सीओपीडी या जुनाट विकाराविषयी जागृती व्हावी, म्हणून दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी पाळला जाणारा दिवस. तिसरा बुधवार असल्याने तो १५ ते २१ नोव्हेंबरच्या दरम्यान कधीही येतो. पहिला दिन २००२ साली झाला. संयोजक ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज’ ही संस्था. वैद्यकात ती ‘गोल्ड’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. पन्नासहून अधिक देशांत कार्यक्रम होतात, असे संयोजक सांगतात.

नाव : सीओपीडीला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘दीर्घकालीन श्वसनमार्ग अवरोध’ पाठ्यपुस्तकात शोभतो, रुग्णाच्या तोंडी येत नाही. रुग्ण ‘दमा’, ‘जुना खोकला’ किंवा नुसतेच ‘चढ चढताना धाप लागते’ असे सांगतो. दम्यातील अडथळा औषधाने बराचसा मोकळा होतो, सीओपीडीतील पूर्ण मोकळा होत नाही. हा भेद एका ‘दमा’ शब्दात बुडून जातो. तोंडाने ओढायच्या औषधालाही दोन्हीकडे ‘पंप’च म्हणतात, आणि पंपाची सवय लागते ही भीतीही दोन्हीकडे सारखीच (पहा : दमा). इंग्रजीतही हे नाव फार जुने नाही. १९५८ साली लंडनमध्ये भरलेल्या सिबा परिसंवादात जुनाट श्वासनलिकादाह आणि वातस्फीती यांच्या व्याख्या ठरवण्याचा प्रयत्न झाला. दोन्ही एका छत्राखाली येऊन आजची आद्याक्षरे रूढ झाली ती त्यानंतर.

पूर्वपीठिका : नमुना दम्याकडून आला. ‘जिना’ या दम्यासाठीच्या संस्थेने १९९८ मध्ये पहिला जागतिक दमा दिन पाळला होता. त्याच सुमारास (प्रारंभवर्ष काही ठिकाणी १९९७, काही ठिकाणी १९९८ दिले जाते) अमेरिकेची राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने गोल्डची उभारणी झाली. अमेरिकी संस्थेचे संचालक तेव्हा क्लोद लाँफाँ होते. गोल्डचा पहिला अहवाल २००१ मध्ये आला. त्याच्या लेखकांत पहिले नाव बेल्जियममधील गेंटचे रोमँ पॉवेल्स यांचे आहे. अहवाल डॉक्टरांसाठी होता. रुग्ण डॉक्टरकडे येतच नाही, आला तर आजार बराच पुढे गेल्यावर येतो, ही अडचण अहवालाने सुटणारी नव्हती. दिवस पाळण्याची कल्पना पुढच्याच वर्षी अमलात आली.

घोषवाक्ये : या दिनाचा लिखित इतिहास मुख्यतः त्याच्या घोषवाक्यांत आहे. (पुढील भाषांतरे आशयापुरती.) आरंभीच्या वर्षांत ‘धाप लागते, पण हतबल नाही’ या अर्थाचे वाक्य होते. ते आजारी माणसाला धीर देणारे होते. निदान झालेलेच आहे असे त्यात गृहीत धरलेले. २०१०च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘अजून उशीर झालेला नाही’ हे एकच वाक्य अनेक वर्षे चालवले गेले. २०१७ मध्ये ‘सीओपीडीचे अनेक चेहरे’ आले आणि विडी-सिगारेट ओढणारा म्हातारा हा एकमेव चेहरा प्रथमच मागे पडला. २०१८ : ‘कधीच फार लवकर नसते, कधीच फार उशीर नसतो’. २०१९ : ‘सीओपीडी संपवू, सगळे मिळून’. कोविडच्या दोन वर्षांत अनुक्रमे आजारासह नीट जगणे आणि निरोगी फुप्फुसांचे मोल हे विषय होते. २०२२ : ‘तुमची फुप्फुसे, आयुष्यभरासाठी’. २०२३ : ‘श्वास म्हणजे जीवन, लवकर पावले उचला’. २०२४ : ‘आपल्या फुप्फुसांची क्षमता जाणून घ्या’. २०२५ : ‘धाप लागते? सीओपीडीचा विचार करा’.

ही यादी ओळीने वाचली तर रोख धीराकडून मोजणीकडे सरकलेला दिसतो. त्यामागे संशोधनही आहे. पीटर लांगे व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची फुप्फुसे ऐन तारुण्यातच पूर्ण क्षमतेला पोहोचलेली नव्हती. म्हणजे ऱ्हास सर्वांच्या बाबतीत झपाट्याने होत नाही. काहींची मुळातली शिल्लकच कमी असते. तेव्हा ‘लवकर’ याचा अर्थ साठीऐवजी पन्नाशी असा नसून, बालपण आणि गर्भावस्थेपर्यंत मागे जाणे असा होतो. भित्तिपत्रकांवर हे क्वचितच उतरते.

मोजणी : प्रस्तुत विषयाचा कणा हाच. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये लंडनमध्ये श्वासमापक यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास त्यांनी मोजले होते. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजण्याची कल्पना तिफनो व पिनेली यांनी १९४७ मध्ये पॅरिसमध्ये मांडली. श्वासमार्ग रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदातील हवा एकूण सोडलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर अडथळा कायमचा आहे असे गोल्डच्या निकषाने धरतात.

या दिनी भरणाऱ्या शिबिरांत हीच तपासणी असते. नाकाला चिमटा, ओठांत पुठ्ठ्याची नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम झोकून सोडायचा. तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून, अजून’ असे ओरडत राहतो आणि सहा सेकंद संपता संपत नाहीत. तीन फुंकी जुळाव्या लागतात. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला फुंकणे नवे नसते. पण फुंकणीत हवा जपून, एकसारखी सोडायची असते, इथे पहिल्याच सेकंदात सगळी ओतायची. पहिली फुंक म्हणूनच बहुधा वाया जाते. नंतर साल्बुटामॉल देऊन दहा-पंधरा मिनिटे बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. शिबिराच्या घाईत हा दुसरा भाग गाळला जातो. तसे झाल्यास दमा आणि सीओपीडी यांत फरक करता येत नाही आणि तपासणीचा बराचसा अर्थ जातो.

मोजलेला आकडा रुग्णाला कळेल अशा रीतीने सांगण्याचा उपयोग होतो, याला आधार आहे. इंग्लंडमधील ५६१ धूम्रपान करणाऱ्यांच्या अभ्यासात (२००८) काहींना ‘फुप्फुसाचे वय’ सांगितले गेले. वर्षभरानंतर त्यांच्यापैकी १३.६ टक्क्यांनी धूम्रपान सोडलेले होते. नुसता कोरडा आकडा दिलेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्के होते.

आंतरराष्ट्रीय श्वसनसंस्थांच्या मंचाने २०१० हे ‘फुप्फुसवर्ष’ जाहीर केले. त्यात १४ ऑक्टोबर २०१० रोजी पहिला जागतिक श्वासमापन दिन झाला.

मतभेद : ७० टक्क्यांची सरसकट रेषा वृद्धांत आजार जास्त दाखवते आणि तरुणांत कमी, असा आक्षेप आहे, पर्यायी निकष वयानुसार बदलतो. धोक्याच्या उंबरठ्यावरील ‘शून्य पायरी’ २००१च्या अहवालात होती, ती २००६ मध्ये वगळण्यात आली. ‘पूर्व-सीओपीडी’ या नावाने तीच कल्पना अलीकडच्या अहवालांतून मागल्या दाराने परतली आहे. कोणतीही तक्रार नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ मध्ये केली व २०२२ मध्ये कायम ठेवली. तक्रार असलेल्यांना ती लागू नाही. औषध कंपन्यांच्या सहभागाविषयीही मते वेगवेगळी आहेत.

धोरण : जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने जुनाट श्वसनरोगांविरुद्धची जागतिक आघाडी मार्च २००६ मध्ये बीजिंग येथे स्थापन झाली. संयुक्त राष्ट्रांच्या २०११च्या राजकीय जाहीरनाम्यात हृदयविकार, कर्करोग व मधुमेह यांच्या पंक्तीला जुनाट श्वसनरोग बसले. चौघांत सर्वांत कमी बोलबाला त्यांचाच. फिनलंडने १९९८ ते २००७ असा दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. अमेरिकेत ‘जास्त जाणा, सुखाने श्वास घ्या’ अशा आशयाची मोहीम २००७ मध्ये सुरू झाली, राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला.

लॅटिन अमेरिका : पाच शहरांची पाहणी (२००५), सीओपीडीचे प्रमाण मेक्सिको सिटीत ७.८ टक्के, माँतेविदेओत १९.७ टक्के.

व्याप्ती : जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये सीओपीडीने सुमारे ३५ लाख मृत्यू झाले, मृत्यूच्या कारणांत क्रमांक चौथा. सत्तरीच्या आतील मृत्यूंपैकी जवळपास ९० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील. मोहिमांची भाषा व पैसा मात्र दीर्घकाळ श्रीमंत देशांतून येत राहिला. भित्तिपत्रकावर सिगारेटचेच चित्र का असे, याचे एक उत्तर इथे सापडते.

भारत : रुग्णांची संख्या १९९० मध्ये २.८१ कोटी, २०१६ मध्ये ५.५३ कोटी असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेटबाहेरच्या कारणांकडे जगाचे लक्ष वळवण्यात पुण्याचा वाटा आहे. तेथील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की जगात धूम्रपान करणारे सुमारे १०१ कोटी, तर सरपण, गोवऱ्या, पिकांची धाटे यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी, सीओपीडीच्या रुग्णांपैकी पाव ते जवळपास निम्म्यांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. २०१७चे घोषवाक्य या प्रवाहातलेच मानता येईल. गोल्डच्या २०२३च्या अहवालाने चुलीचा धूर व प्रदूषण यांपासूनच्या सीओपीडीला कारणवार वर्गीकरणात स्वतंत्र खूण दिली.

स्वयंपाकाचा गॅस घरोघरी पोहोचवणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलिया येथून सुरू झाली. सिलिंडर घरात आल्यावरही आंघोळीचे पाणी तापवायला मागच्या पडवीत चूल राहते. पऱ्हाट्या-तुराट्या फुकट मिळतात, सिलिंडर विकत घ्यावा लागतो. तपासणीच्या अर्जावर ‘धूम्रपान करता का?’ हा रकाना छापलेला असतो. चुलीचा रकाना असेलच असे नाही, आणि बाई पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून पुढे सरकते.

संबंधित दिन : क्षयरोग, २४ मार्च; दमा, मे महिन्यातील पहिला मंगळवार; तंबाखूविरोधी, ३१ मे; फुप्फुस, २५ सप्टेंबर.