व्रण न ठेवता जखम भरणारा काटेरी उंदीर

खोल जखम किंवा भाजलेली त्वचा भरून आली, तरी माणसाच्या अंगावर व्रण राहतो. त्या जागी केसांची मुळे व घर्मग्रंथी सहसा पुन्हा तयार होत नाहीत. सांध्यावरील व्रण आक्रसल्यास हालचालही खुंटते. आफ्रिकेतील काटेरी उंदीर मात्र याला अपवाद आहे.

फ्लोरिडा विद्यापीठातील अ‍ॅशली सायफर्ट व सहकाऱ्यांचे केनियातील संशोधन २०१२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ‘अ‍ॅकोमिस’ प्रजातीतील या उंदरांची त्वचा घरगुती उंदराच्या त्वचेपेक्षा सुमारे २० पट कमकुवत असते. शत्रूच्या तावडीत सापडल्यास ती फाटून निघते आणि उंदीर निसटतो. पाठीवरील ६० टक्क्यांपर्यंत त्वचा गमावूनही ते जगतात. नव्या त्वचेत केसही उगवतात. कानाला पाडलेले ४ मिलिमीटरचे छिद्र कूर्चेसह भरून आले.

माणसाच्या जखमेत ‘कोलॅजन’ या प्रथिनाचे धागे दाट व एकाच दिशेने साचतात. या उंदरांत त्यांची वीण सैल राहते.

महाराष्ट्रासह भारतीय द्वीपकल्पात आढळणारा काटेरी उंदीर मात्र घरगुती उंदराच्या ‘मस’ प्रजातीतील आहे. काट्यांसारख्या राठ केसांचे साम्य असले, तरी तो अ‍ॅकोमिसचा निकटचा नातलग नव्हे. पुनर्जननाचा अभ्यास आपल्याकडेही झाला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी त्यासाठी हायड्रा हा गोड्या पाण्यातील जीव निवडला.

उंदराची ही क्षमता मानवी उपचारांत उतरली, तर भाजलेल्या रुग्णांना मोठा दिलासा मिळेल.